शाळाखोली पाडण्याआधी महिला ग्रामसभा घ्या

सरपंचताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती आणि वाडीवरची समस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे दोन ठराव येणार आहेत असं फोनवर कळलं. पहिला, ओढ्याकाठच्या जुन्या शाळाखोलीच्या निर्लेखनाला, म्हणजे ती दफ्तरातून कमी करून पाडायला, ना हरकत देण्याचा. दुसरा, शाळेमागच्या मसणवाट्याचं जनसुविधेच्या निधीतून सुशोभीकरण करण्याचा. म्हणजे दहनशेड, पेव्हिंग ब्लॉक, सिमेंटची बाकडी आणि कमान. दोन्ही ठराव एकाच कागदावर टाईप झालेत म्हणे, कारण खोली पडल्याशिवाय जेसीबीला आत जायला वाट नाही.

मी आता गावची मतदार नाही. लग्नानंतर नाव सासरच्या यादीत गेलं, त्यामुळे सभेत हात वर करायचा हक्क मला नाही. म्हणून हे पत्र. आणि ते उघडं अशासाठी, की बंद पाकिटातली पत्रं आवक रजिस्टरला चढून पुढे कुठे जातात ते मी नोकरीभर पाहिलंय. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात टेबल सांभाळून मी निवृत्त झाले. निर्लेखन, समायोजन, संचमान्यता हे शब्द मला घरच्या भांड्यांसारखे ओळखीचे आहेत. सरपंचताई, पत्र तुमच्या नावाने आहे, तुमच्या मालकांच्या नव्हे. ठराव टाईप करून आणायचं काम ते करत असले तरी सही तुमची लागते.

आधी शाळा बंद होण्याचं बोलू, ते लवकर आटपतं. पट सहावर आलाय. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. समायोजनाची शाळा, म्हणजे आपली शाळा बंद करून पोरं जिथे सामावून घेणार ती, तीन किलोमीटरवर आणि मध्ये ओढा. सहा लेकरांची ने-आण कोण करणार, हे लेखी घेतल्याशिवाय व्यवस्थापन समितीने कशावरही सही करू नये. 2023 साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या तेव्हा राज्यात 14,783 शाळा निघाल्या. म्हणजे हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही, आणि ते या पत्राने बरं होईल असं मानण्याइतकी मी भाबडी नाही. पोरं कमी होण्याची कारणं तुम्हालाही माहीत आहेत. निम्मी वाडी दिवाळीच्या आधी कोयता घेऊन कारखान्याला जाते, ज्यांना परवडतं ते पिवळ्या गाडीतून पोरं इंग्रजी शाळेला धाडतात. त्याचा दोष ना गुरुजींचा, ना तुमचा.

मला बोलायचंय ते खोलीबद्दल, तिच्या मागच्या खिडकीबद्दल आणि खिडकीपलीकडच्या कोपऱ्याबद्दल.

ही शाळा 1958 साली सुरू झाली. तेव्हा जिल्हा परिषद नव्हती, महाराष्ट्रही नव्हता. मराठवाडा निजामाकडून सुटून दहा वर्षं झाली होती आणि आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. माझे आजोबा सही उर्दूत करायचे, कारण निजामाच्या राज्यात शाळा शिकायची तर उर्दूत, आणि तीही मोठ्या गावाला. गावठाणात शाळेला जागा द्यायला कुणी पुढे आलं नाही. मग मसणवाट्याला लागून जे गायरान होतं, जिथे कुणी नांगर धरत नव्हतं, ती जागा मिळाली. जुनी माणसं हे सांगताना थोडी ओशाळायची. मला तर वाटतं त्याहून चांगली जागा मिळाली नसती. गावठाणात कुणाच्या वाड्यालगत शाळा झाली असती तर त्या गल्लीतून यायला अर्ध्या पोरांना मज्जाव झाला असता. मसणवाट्याकडे जायला कुणाची बंदी नव्हती.

काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, एक दार, दोन खिडक्या. एका खोलीत चार वर्ग आणि एकच गुरुजी. पहिलीचं तोंड दाराकडे, दुसरीचं फळ्याकडे, तिसरी-चौथीचं मागच्या खिडकीकडे. गुरुजी चौथीला भागाकार घालून पहिलीकडे वळायचे, तोवर तिसरीतली मोठी पोर दुसरीचे पाढे घ्यायची. त्यामुळे दुसरीचा धडा आम्ही पहिलीत असताना ऐकलेला असायचा आणि चौथीत गेल्यावर पुन्हा शिकवायचा असायचा. अडीचकी, पावकी, निमकी आजही झोपेत विचारा. घंटा म्हणून लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पावसाळ्यात माळवद एका बाजूने गळायला लागलं की चारही वर्ग दुसऱ्या बाजूला सरकायचे, आणि मग कोण कितवीत ते गुरुजींनाही सांगता येत नसे. बाहत्तरच्या साली माळवद गळलं नाही, एवढंच त्या वर्षाचं कौतुक.

मैत आली की मागच्या खिडकीतून सगळं दिसायचं. गुरुजी खिडकी लावून घ्यायचे नाहीत आणि पाढे थांबवायचेही नाहीत. "हळू म्हणा," एवढंच सांगायचे. बाहेर खड्डा घेत असायचे आणि आत आम्ही बारीक आवाजात सतरा सत्ते एकोणिसासे करत असायचो. भुताखेताच्या गोष्टी गावठाणातल्या पोरांना जास्त माहीत होत्या. आम्हाला मसणवाटा रोजचा होता.

तिथेही वाटण्या होत्याच. लिंगायतांची जागा उगवतीला, बसवून पुरायची. जाळायची जागा ओढ्याच्या उताराला. मुसलमानांचं कब्रस्तान दर्ग्याच्या अंगाला वेगळं, बौद्धांची जागा ओढ्यापलीकडे. जिवंतपणी जे होतं तेच मातीतही होतं. फक्त शाळेच्या भिंतीला लागून जो कोपरा आहे, तीन बाभळींचा, तिथे तसं नव्हतं. दात न आलेली लेकरं जाळत नाहीत, पुरतात. त्या कोपऱ्यातली माती ओढ्याच्या गाळाची, मऊ, एका माणसाला कुदळीने तासाभरात खड्डा घेता येतो. कुणी ठराव केला नव्हता, पण तान्ही लेकरं कुणाचीही असोत, तिथेच यायची. तिरडी नाही, वाजंत्री नाही. बापाच्या हातावर धडुत्यात गुंडाळलेलं मूल, मागे एक-दोन माणसं, एक कुदळ, एक घमेलं. माती लोटली की वर दगड रचायचे आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकायच्या. झालं. त्या काळी हे किती घरांतून होत असे हे आजच्या सुनांना खरं वाटणार नाही. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिलं वर्ष संपायच्या आत जात. आपल्या वाडीवर ना दवाखाना, ना धड रस्ता.

बाहत्तरच्या दुष्काळात मी चौथीत होते. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची, ती निम्मी फडक्यात बांधून मी घरी न्यायचे. धाकटा भाऊ काही महिन्यांचा होता, बारशाला ठेवलेलं नावही अजून जिभेवर रुळलं नव्हतं. दोन दिवस जुलाब झाले आणि तो गेला. शनिवार होता, सकाळची शाळा. मी खिडकीकडे तोंड करून बसलेली, आणि दादा, म्हणजे माझे वडील, आणि चुलते खिडकीसमोरून गेले. दादांच्या हातावर आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. माझी पाटी उचलून त्यांनी त्यावर गणित घातलं आणि परत ठेवली. मी ते सोडवलं नाही. मधल्या बाभळीपासून भिंतीकडे चार पावलं, तीन दगड, त्यातला एक पांढरा. हे मी पाहून ठेवलं.

आईने पाहिलं नव्हतं. बायका मसणवाट्यात जात नसत. रात्री चुलीपुढे तिने मला हळूच विचारलं, "कुठं ठिवलं गं?" मी सांगितलं. दादांना तिने विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

शाळेची जमीन तेव्हा मातीची होती. दर शनिवारी शाळा सुटली की ती शेणाने सारवायची, घरोघरी पाळी असायची. त्या शनिवारनंतर आई दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायला लागली. "तुजं काम हाय ना, मी जाते." सारवताना ती मागच्या खिडकीपाशी जरा जास्त वेळ लावायची. पुढे माझ्या ध्यानात आलं की खिडकीपाशी रेंगाळणारी ती एकटी नव्हती. शाळा सारवायला आपल्या बायका एवढ्या हौसेने येतात याचं गुरुजींना फार कौतुक. डिप्टी साहेब तपासणीला आले तेव्हा, या वस्तीला शिक्षणाची मोठी आवड आहे, असं त्यांनी आवर्जून सांगितलं होतं. शेरेबुकातही ते आहे.

ऐंशीच्या दशकात जमिनीवर शहाबादी फरशी आली, माळवद काढून पत्रे आले, मग खडू-फळा मोहिमेत शेजारी दुसरी खोली आणि दुसरे गुरुजी. सगळं चांगलंच झालं. सारवणं बंद झालं, तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता रजिस्टरचं. शाळेच्या लोखंडी पेटीत 1958 पासूनचं जनरल रजिस्टर आहे, हे गावाला 2023 च्या अखेरीस कळलं. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या तालुक्यांत जुनी दफ्तरं उघडली गेली, तेव्हा आपलीही पेटी उघडली. 1967 पूर्वीचा कागद पाहिजे म्हणून ज्यांनी आयुष्यात शाळेची पायरी ओलांडली नव्हती तेही पेटीभोवती जमले. कुणाला काय सापडलं, कुणाला काय नाही, हे इथे काढत नाही. मीही भाच्याच्या कामाने आले होते आणि ते रजिस्टर पानोपान चाळलं.

नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, 1 जून, 1 जून. आयांना विचारावं तर "पोळ्याच्या आदल्या दिवशी" किंवा "थोरल्या भावजयीच्या लग्नाच्या साली", म्हणून गुरुजींनी सगळ्यांना शाळा उघडायच्या सुमाराला जन्माला घातलं. माझीही तारीख तीच, त्यामुळे 2021 च्या 31 मे रोजी आमच्या कार्यालयातून जे निरोप समारंभ झाले त्यात एक माझा. महाराष्ट्रातलं अर्धं सरकार 31 मेला घरी जातं ते अशा गुरुजींच्या कृपेने.

खरी गोष्ट "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यात आहे. "चौथी उत्तीर्ण" थोडे. "सतत गैरहजर" पुष्कळ. "पालक ऊसतोडीस गेले". "विवाह झाला", तिसरीतल्या मुलीपुढे. आणि मधूनच लाल शाईत एक शब्द, "मयत". माझ्या शेजारी बसणारी पोर कडब्याच्या गंजीत साप चावून गेली, तिच्या नावापुढे ती तारीख आहे, गुरुजींच्या वळणदार अक्षरात. तिच्या भावांनाही आता ती तारीख आठवत नाही. घरात फोटो असायचा प्रश्नच नव्हता. ती या गावात होती याचा लेखी पुरावा म्हणजे ती एक ओळ.

ही झाली शाळेत नाव घातलेल्यांची गोष्ट. जी शाळेपर्यंत पोचलीच नाहीत, त्या तीन बाभळींखालच्यांची ओळ कुठेच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, ठरल्या मुदतीत नोंद करायची. पण दुष्काळात खडी फोडणारा बाप ग्रामसेवकाला शोधत मोठ्या गावाला जाणार होता का? जन्माचीच नोंद नाही, तर मृत्यूची कोण करतो?

म्हणून माझा पहिला आग्रह रजिस्टरसाठी आहे. समायोजन झालं की दफ्तर सामावून घेणाऱ्या शाळेकडे जातं, हा नियम. नियमाने जनरल रजिस्टर कायम जपायचं दफ्तर आहे. प्रत्यक्षात ते युरियाच्या गोणीत बांधून जातं आणि कुठल्यातरी खोलीत पोषण आहाराच्या तांदळाशेजारी पडतं. वाळवीने कव्हर खाल्लेली आणि पानं एकमेकांना चिकटलेली रजिस्टरं आमच्या टेबलावर दाखल्यासाठी यायची, आणि ज्याच्या आजोबाची ओळ गेलेली असायची तो माणूस समोर उभा राहून आम्हालाच शिव्या द्यायचा. त्याचं काय चुकलं? आपल्या शाळेची पेटी हलण्याआधी रजिस्टरचं पान न पान स्कॅन करून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरं खोलीचं. शाखा अभियंत्याने भिंती धोकादायक आहेत असा लेखी दाखला दिला तर खुशाल पाडा, दगडासाठी मी रडणार नाही. पण मी पाहिलं तेव्हा सडले होते ते पत्रे आणि वासे, भिंती नव्हे. पत्रे काढले तरी धोका संपतो. नवीन बाकड्यांवर पैसे घालण्यापेक्षा या खोलीवर चार नवे पत्रे टाका. मातीला आलेली पाहुणेमंडळी आज पावसात छत्री धरून उभी असतात, ती इथे टेकतील.

शेड मात्र जरूर बांधा. ऐन श्रावणात सरणावर पत्रे धरून उभं राहावं लागतं, ओल्या लाकडावर डिझेल आणि टायर टाकावे लागतात, हे भावांकडून ऐकलंय. मेलेल्याची ती विटंबना थांबलीच पाहिजे. ते शेड ओढ्याच्या उताराला, जिथे जाळतात तिथेच लागतं. तिथे जायला दर्ग्याकडून बैलगाडीची जुनी वाट आहे, अतिक्रमण हटवलं की ट्रॅक्टरही जाईल. अतिक्रमण कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. खोली पाडणं सोपं एवढ्यासाठीच वाटतंय.

आणि बाभळींचा कोपरा. तिथे ब्लॉक बसवायचे म्हणजे आधी जेसीबीने फूट-दीड फूट खरवडायचं, मग मुरूम, मग रोलर. त्या लेकरांचे खड्डे काही खोल नव्हते. एका माणसाच्या कुदळीने घेतलेले. जेसीबीच्या बकेटमध्ये काय येईल याचा विचार अंदाजपत्रक करणाऱ्याने केला नसेल, कारण त्याला तिथे काय आहे हे कुणी सांगितलंच नसेल. वरचे दगड बहुतेक गेलेत, काही ओढ्याच्या पुरात, काही कुणाच्या गोठ्याच्या पायात. बघणाऱ्याला ती पडीक जागाच दिसते. ज्यांना माहीत आहे त्या बायका आहेत, आणि त्या मसणवाट्यात गेलेल्या नाहीत आणि ग्रामसभेत बोललेल्या नाहीत.

त्यासाठी मार्ग कायद्यातच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. आपल्याकडे ती कशी होते हे सांगायची गरज नाही. रजिस्टर घरोघर फिरतं, बायका पिठाच्या हाताने अंगठा नाहीतर सही करतात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. या खेपेला ती खरोखर घ्या. पंचायतीच्या कार्यालयात घेऊ नका, शाळेच्या जुन्या खोलीत घ्या. ऐंशीच्या पुढच्या ज्या पाच-सहा जणी उरल्यात त्यांना कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसवून आणा. मागची खिडकी उघडा आणि त्यांना एवढंच विचारा, की तुमचं कुठं आहे? कोपरा किती हात मोकळा ठेवायचा, कुंपण घालायचं की नुसता दगडी बांध, नावं लिहायची की नाही, हे त्या ठरवतील. काहींना नाव लिहिलेलं नको असेल. काहींच्या लेकरांना नावच नव्हतं. त्यावर माझं मत द्यायला मी कोण?

माझी आई आता नाही, तेव्हा तिच्या वतीचा एक मुद्दा एवढाच मांडते. मधल्या बाभळीपासून भिंतीकडे चार पावलं. त्यातली पावलं नऊ-दहा वर्षांच्या पोरीची आहेत, मोठ्या माणसाने मोजली तर तीनच भरतील. मापं घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

महिला सभेची नोटीस गावातल्या फळ्यावर लागली की मला फोन करा. माझ्याकडे भावकीच्या पोरांचे नंबर आहेत, पण निरोप सरपंचताईंकडून आला तर बरं वाटेल. मी सकाळच्या एसटीने येईन, फाट्यावरून चालत. सभेत मत देणार नाही, त्या म्हाताऱ्या सांगतील ते वहीत उतरवून घेईन आणि दोन प्रती करून एक पंचायतीला, एक शाळेच्या पेटीत ठेवायला देईन. तोवर निर्लेखनाचा ठराव पुढच्या सभेवर ढकला. 2 ऑक्टोबरनंतरची सभा 26 जानेवारीला आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, तेव्हा निधी परत जाईल ही भीती कुणी घातली तर त्यांना म्हणावं, शेडचा ठराव आजच मंजूर करा, ओढ्याच्या उताराला.

आपल्या गावची लेक,
1969 सालच्या पहिलीच्या वर्गातली